बंदूक बाळगण्याचा हक्क आणि बाकीच्यांचा जीव: तराजू वापरायचा की नाही?

उलटतपासणी

अमेरिकेतल्या बंदुकांवर चर्चा सुरू झाली की लगेच दोन तट पडतात. एका गटाला बंदुकीचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती पाठ असते, दुसऱ्याला मृतांचे आकडे. दोघं एकमेकांना पाठांतर म्हणून दाखवतात आणि आपापल्या घरी जातात. ते इथे नको, म्हणून प्रश्न जरा वेगळा मांडतो.

दुसरी दुरुस्ती १७९१ची. पण घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा एकेकट्या नागरिकाचा हक्क आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट म्हटलं ते २००८ साली, हेलर खटल्यात, पाच विरुद्ध चार मतांनी. त्याच निकालात न्यायमूर्ती स्कालिया यांनी हेही लिहिलं की हा हक्क अमर्याद नाही. गुन्हेगारांना बंदी, शाळा आणि सरकारी इमारतींत मनाई, हे सगळं चालू शकतं. मग २०२२ साली ब्रूएन खटला आला. न्यूयॉर्कमध्ये बाहेर बंदूक जवळ बाळगायची तर खास कारण दाखवावं लागे. न्यायालयाने ती अट रद्द केली आणि त्याहून मोठी गोष्ट केली: एका बाजूला हक्क, दुसऱ्या बाजूला सार्वजनिक सुरक्षितता असं तोलायचंच नाही म्हणाले. निर्बंध देशाच्या जुन्या परंपरेत बसतो का, एवढंच बघायचं.

तर प्रश्न असा. हक्क तराजूत टाकावेत का? प्रत्येक वेळी धोका दाखवला की हक्क थोडा छाटायचा, असं असेल तर हक्क आणि सवलत यांत फरक काय राहिला? आणि तोलायचंच नसेल तर ज्याच्याकडे बंदूक नाही त्याने जायचं कुठे?

बंदी हवी / नको एवढंच लिहायचं असेल तर कृपया दुसरा धागा काढा.

बिनधास्त_बाळू

काडी टाकून झाली, वर अटीही घातल्या. वा! पुढच्या रांगेत बसलोय.

सदाफुली

मी अमेरिकेत एका इस्पितळाच्या तातडीच्या विभागात काम करते. कायद्यातलं फार कळत नाही, पण तराजूत काय टाकायचं हे तरी नीट ठरवा.

'सार्वजनिक सुरक्षितता' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर शाळा किंवा मॉलमधला गोळीबार येतो. २०२१ साली अमेरिकेत बंदुकीने अठ्ठेचाळीस हजारांहून जास्त माणसं गेली. त्यातल्या निम्म्याहून अधिक आत्महत्या होत्या. बातमीत न आलेल्या. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी साधारण नऊंत माणूस वाचत नाही. इतर बऱ्याच मार्गांत वाचायची शक्यता कितीतरी जास्त असते. आणि वाचलेल्यांपैकी बहुतेक जण पुढे आत्महत्येने मरत नाहीत, हे अनेक अभ्यासांत दिसलंय. म्हणजे तो एक वाईट तास टळला तर माणूस टिकतो. आमच्याकडे दुसरी संधी मिळालेले लोक येतात. बंदूक हाताशी असलेले बहुतेक येतच नाहीत.

२०२० पासून इथे एक ते एकोणीस वयाच्या मुलामुलींच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, अपघातातल्या गाड्यासुद्धा मागे पडल्या. हे तोलायचं नाही म्हणणाऱ्यांना मी काय सांगू?

लोहचुंबक

सदाफुलीताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, तरीही प्रतिवाद करतो. माझ्याकडे बंदुका आहेत. नेमबाजी करतो, रीतसर शिकलोय, कुलूपबंद कपाट आहे. दुसऱ्या कोणाचा तरी तो वाईट तास म्हणून माझा हक्क कमी करायचा, हे कुठल्या न्यायात बसतं?

आणि 'पोलीस आहेत की' म्हणणाऱ्यांसाठी. १९८१ साली वॉशिंग्टनमधल्या वॉरेन खटल्यात न्यायालयाने सांगितलं की पोलिसांचं कर्तव्य समाजाप्रती आहे, अमुक एका व्यक्तीला वाचवण्याची कायदेशीर जबाबदारी त्यांच्यावर नाही. २००५ साली कॅसल रॉक खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही एका आईला तेच ऐकवलं. तिच्याकडे नवऱ्याविरुद्धचा संरक्षण आदेश होता, ती पोलिसांना पुन्हा पुन्हा विनवत राहिली, तिन्ही मुली गेल्या. शासन म्हणतंय वाचवण्याची हमी आम्ही देत नाही, आणि तेच शासन म्हणतंय हत्यार खाली ठेव. दोन्ही एकदम कसं?

कोपऱ्यातला_वाचक

कॅसल रॉक माहीत नव्हतं. वाचून सुन्न झालो.

सदाफुली

लोहचुंबक, त्याच खटल्याकडे माझ्या बाजूने बघा. त्या नवऱ्याने त्याच संध्याकाळी पिस्तूल विकत घेतलं होतं. संरक्षण आदेश असलेल्या माणसाला बंदूक विकता येऊ नये, असा देशपातळीचा कायदा तेव्हाही होता. तरी मिळालं. तिला वाचवायला काय उपयोगी पडलं असतं, तिच्या हातातलं पिस्तूल की त्याला न मिळालेलं पिस्तूल?

त्र्यंबक_ज

मी तिसऱ्याच दारातून आत येतो. 'सार्वजनिक सुरक्षितता' यातला सार्वजनिक म्हणजे कोण, हे प्रत्येक काळात कोणीतरी ठरवत आलंय.

यादवी युद्ध संपल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कायदे केले, त्यांत त्यांना बंदूक बाळगायला बंदी होती. रात्री त्यांच्या दारात येणाऱ्या गोऱ्यांच्या टोळ्यांना नव्हती. १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घरावर बॉम्ब पडला. त्यांनी हत्यार जवळ बाळगायच्या परवान्यासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. देशात त्यांच्याहून जास्त धोका कोणाला होता? पण परवाना देणं न देणं स्थानिक अधिकाऱ्याच्या मर्जीवर होतं. १९६७ साली कॅलिफोर्नियात भरलेली बंदूक उघडपणे घेऊन फिरण्यावर बंदी आली. ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक बंदुका घेऊन पोलिसांवर पाळत ठेवायला लागले म्हणून. सही करणारे गव्हर्नर रेगन. बंदूकधारकांच्या राष्ट्रीय संघटनेचाही तेव्हा पाठिंबा होता.

माझा आक्षेप नियंत्रणाला नाही. 'तू लायक दिसतोस का ते मी ठरवतो' असं म्हणणाऱ्या टेबलामागच्या माणसाला आहे. न्यूयॉर्कच्या त्या कायद्याविरुद्ध ब्रूएनमध्ये तिथल्या कृष्णवर्णीय सरकारी बचाव वकिलांच्या संघटना उभ्या राहिल्या होत्या, ते उगाच नाही. त्यांचे अशील गरीब होते, परवान्याविना बंदूक सापडली म्हणून तुरुंगात जाणारे.

कोपऱ्यातला_वाचक

+१. दोन्ही बाजूंचे लोक हा इतिहास सोयीने विसरतात.

माळरान

सगळी चर्चा अमेरिकेतच अडकली. ऑस्ट्रेलियात राहतो, इथलं सांगतो.

२८ एप्रिल १९९६ला टास्मानियात पोर्ट आर्थरला एकाने ३५ माणसं मारली. पंतप्रधान जॉन हॉवर्ड, म्हणजे उजव्या बाजूचे, सत्तेवर येऊन जेमतेम दोन महिने झालेले. पंधरवडा उलटायच्या आत सगळी राज्यं एका करारावर आली. अर्धस्वयंचलित रायफली आणि शॉटगन बहुतेकांसाठी बंद, आणि सरकारने पैसे देऊन सुमारे साडेसहा लाख बंदुका परत घेतल्या.

लोक हा परतीचा आकडाच सांगतात, पण मला कराराचं दुसरं अंग महत्त्वाचं वाटतं. बंदूक हवी तर सबळ कारण दाखवा: शेती, शिकार, नेमबाजीचा क्लब. स्वसंरक्षण हे कारण चालत नाही. प्रत्येक बंदुकीची नोंद, परवान्याआधी थांबायचा काळ, घरात ठेवायचे नियम. म्हणजे सिद्ध करायची जबाबदारी मागणाऱ्यावर. शासनाला तुमच्यात खोट दाखवावी लागत नाही. त्र्यंबकराव, तुमचं टेबल इथेही आहे, पण त्यावर काय बघायचं ते लिहिलेलं आहे. शेतकऱ्यांच्या हातात आजही बंदुका आहेत आणि मला गुलाम झाल्यासारखं वाटत नाही.

न्यूझीलंडने २०१९ला क्राइस्टचर्चच्या मशिदींतल्या गोळीबारानंतर महिनाभरात कायदा केला. संसदेत विरोधात मत फक्त एक.

लोहचुंबक

माळरान, तुमच्याकडे हा घटनात्मक हक्क मुळात नव्हता. जे नव्हतं ते काढून घेणं सोपं. अमेरिकेत नागरिकांकडच्या बंदुकांचा २०१७चा अंदाज ३९ कोटींच्या वर आहे, माणसांपेक्षा जास्त. साडेसहा लाखांचा अनुभव तिथे लावणार कसा?

चेक प्रजासत्ताक बघा. अटी पुऱ्या केल्या की परवाना द्यावाच लागतो, अधिकाऱ्याच्या मर्जीचा प्रश्न नाही. लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा, वैद्यकीय तपासणी, पोलिसांकडची पार्श्वभूमी. मग स्वसंरक्षणासाठी जवळ बाळगा. २०२१ला तर शस्त्राने स्वतःचं रक्षण करण्याचा हक्क त्यांनी घटनात्मक सनदेतच घातला. रक्ताचे पाट वाहिले नाहीत.

माळरान

डिसेंबर २०२३. प्रागचं विद्यापीठ. १४ जण. मारेकऱ्याकडे परवाना होता. त्यानंतर त्यांनीही कायदा आवळला. संशयास्पद खरेदी पोलिसांना कळवणं विक्रेत्यांवर बंधनकारक झालं.

लोहचुंबक

आणि जपानमध्ये जवळपास कोणालाच पिस्तूल मिळत नाही, तरी जुलै २०२२ला शिंझो आबेंना घरी बनवलेल्या बंदुकीने मारलं. एकेका घटनेवरून कायदे तोलायचे ठरवलं तर दोन्हीकडे पुरेशी प्रेतं मिळतील. हा खेळ नको.

बिनधास्त_बाळू

एवढे प्रतिसाद झाले आणि अजून 'गाडी चालवायला परवाना लागतो, मग बंदुकीला का नको' कोणी म्हटलं नाही? कुठे चाललाय हा धागा?

ठिणगी

मीच म्हणणार होते. :)

उलटतपासणी

गाडीचा हक्क घटनेत लिहिलेला नाही, हे त्यावरचं ठरलेलं उत्तर. आणि त्यावर 'मतदानाचा आहे, तरी नाव नोंदवावं लागतंच' हे ठरलेलं प्रत्युत्तर. दोन्ही झालं असं समजून पुढे जाऊ.

ठिणगी

बरं. मग थोडं अवांतर, पण संबंध आहे. १९०५चा जेकबसन खटला. मॅसॅच्युसेट्समध्ये देवीची साथ, लस घेणं सक्तीचं, एका माणसाने नकार दिला, पाच डॉलर दंड. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, समाजाच्या सुरक्षिततेसाठी वाजवी निर्बंध चालतील. म्हणजे शरीरावरचा हक्क तोलता येतो आणि बंदुकीवरचा तोलायचा नाही? शरीर तर बंदुकीपेक्षा जवळचं.

जगातल्या बऱ्याच न्यायालयांत आता ठरलेली पद्धत आहे. कॅनडात १९८६च्या ओक्स खटल्यापासून, भारतात खाजगीपणाच्या २०१७च्या निकालात. हेतू योग्य आहे का, उपायाचा हेतूशी खरा संबंध आहे का, याहून सौम्य उपाय होता का, आणि शेवटी नुकसान फायद्यापेक्षा जास्त तर नाही ना. पायऱ्या आहेत, 'मला वाटलं म्हणून छाटलं' असं नाही. धागाकर्त्यांनी हक्क की सवलत असा जो पेच टाकलाय तो मला खोटा वाटतो. निर्बंधाचं कारण शासनाने सिद्ध करायचं असेल तर तो हक्क. मोकळीक का हवी ते मी सिद्ध करायचं असेल तर सवलत. तराजू दोन्हीकडे असू शकतो.

त्र्यंबक_ज

ठिणगी, सुरेख मांडलंत. एकच भर. त्याच जेकबसनचा दाखला १९२७ साली बक विरुद्ध बेल खटल्यात दिला गेला आणि 'मतिमंद' ठरवलेल्या स्त्रियांची सक्तीने नसबंदी वैध ठरली. तराजू चांगला, धरणारा हात बघावा लागतो.

काजवा_रात्रीचा

भारतात हा हक्क घटनेत का आला नाही, यावर कोणी लिहीत नाहीये म्हणून. १८७८चा शस्त्र कायदा काँग्रेसला सतत डाचत होता. १९३१च्या कराची ठरावातल्या मूलभूत हक्कांत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. संविधान सभेत डिसेंबर १९४८मध्ये ह. वि. कामत यांनी त्याचीच आठवण देऊन दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी विरोध केला, दुरुस्ती पडली. आता अनुच्छेद १९ मध्ये जमण्याचं स्वातंत्र्य आहे, पण 'शांततेने व विनाशस्त्र'. बाकी सगळं १९५९च्या कायद्यावर, आणि २०१९ला एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आली. म्हणजे ठिणगीच्या व्याख्येत स्वच्छ सवलत.

बिनधास्त_बाळू

आणि लग्नात हवेत गोळ्या झाडणाऱ्यांसाठी त्याच २०१९च्या दुरुस्तीत वेगळी शिक्षा घातली. हक्क नसला तरी हौस असतेच.

शुक्रतारा

सदाफुलीताईंच्या पहिल्या प्रतिसादाकडे परत जाते, कारण त्याला खरं उत्तर कोणी दिलं नाही. (लोहचुंबक, 'माझा काय दोष' हे उत्तर नाही.)

इस्रायलच्या सैन्यात कोवळी मुलं रायफल घेऊन शुक्रवार-शनिवारी घरी जायची. २००६ साली ठरवलं, सुट्टीला जाताना हत्यार तळावर ठेवायचं. आत्महत्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी उतरलं, आणि घट मुख्यतः सुट्टीच्या दिवसांतली. आठवड्यातल्या इतर दिवसांत विशेष फरक नाही. म्हणजे मुलं तीच, दुःखं तीच.

स्वित्झर्लंडमध्ये २००३च्या सुधारणेत सैन्य जवळजवळ निम्मं झालं, तितक्या घरांतून लष्करी बंदुका कमी झाल्या. त्या वयोगटातल्या पुरुषांच्या आत्महत्या कमी झाल्या. थोड्यांनी दुसरा मार्ग धरला, बहुतेकांनी नाही. 'ज्याला करायचं तो कसंही करतो' हे जे म्हणतात ना, ते या दोन्ही ठिकाणी खोटं ठरलं.

माझा मुद्दा: दोन्हीकडे कोणाचा बंदूक बाळगण्याचा नागरी हक्क काढून घेतला नव्हता. फक्त बंदूक आणि माणूस यांच्यात थोडं अंतर आणलं. आपण मात्र इतके प्रतिसाद 'कोणाकडे असावी' यावर भांडतोय. 'कुठे असावी, किती वेळात हाती यावी' हा प्रश्न जास्त जीव वाचवतो आणि हक्काला सर्वांत कमी धक्का लावतो. ठिणगीच्या तिसऱ्या पायरीवर हाच उपाय उभा राहील.

उलटतपासणी

शुक्रतारा, इथेच खरी गंमत आहे. हेलरमध्ये वॉशिंग्टन शहराची पिस्तूलबंदी रद्द झाली हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच निकालात घरातली बंदूक सुटी करून किंवा चापाला कुलूप लावून ठेवायची सक्तीही रद्द झाली. कारण काय, तर चोर घरात आल्यावर तिचा उपयोग होणार नाही. तुमचा सर्वांत सौम्य उपाय न्यायालयाने पहिल्याच फेरीत अडवला होता.

मात्र नंतर सॅन फ्रान्सिस्कोचा नियम टिकला. घरात पिस्तूल असेल तर एकतर अंगावर, नाहीतर कुलपात. अपील न्यायालयाने २०१४ साली तो मान्य केला आणि सर्वोच्च न्यायालयाने पुढच्या वर्षी प्रकरण ऐकायला नकार दिला. ब्रूएनच्या आधीचं आहे हे, त्यामुळे परंपरेच्या कसोटीवर काय होईल तो वेगळा वाद.

आणि व्यक्तीपुरतं बघायचं तर २०२४चा रहिमी खटला आहेच. घरगुती हिंसाचारात ज्याच्याविरुद्ध न्यायालयाने संरक्षण आदेश दिलाय त्याच्याकडून बंदूक काढून घेता येते, आठ विरुद्ध एक. ज्यांनी तराजू फेकून दिला त्यांनीच परंपरेतून वाट काढली. म्हणजे तोलतात सगळेच, कोणी उघड, कोणी झाकून.

लोहचुंबक

रहिमीशी माझं भांडण नाही. न्यायाधीशासमोर गोष्ट गेली, त्याला बाजू मांडायची संधी होती. माझं भांडण आहे ते पहिला आदेश एकतर्फी निघतो त्या धोक्याच्या इशाऱ्याच्या कायद्यांशी, म्हणजे एखाद्यापासून धोका आहे म्हणून त्याची बंदूक काही काळ काढून घेणाऱ्या. फ्लोरिडात २०१८च्या पार्कलंडच्या शाळेतल्या गोळीबारानंतर आला तो. शेजाऱ्याचं भांडण, घटस्फोटातला सूड, काहीही असू शकतं.

ठिणगी

फ्लोरिडात अर्ज पोलीसच करू शकतात, शेजारी किंवा घटस्फोटित बायको नाही. आणि एकतर्फी आदेशानंतर चौदा दिवसांत सुनावणी. कायदा वाचून विरोध करा हो.

लोहचुंबक

फ्लोरिडात, हो. काही राज्यांत घरचेही करू शकतात. आणि चौदा दिवस ज्याचे जातात त्याला विचारा.

सदाफुली

त्या चौदा दिवसांत जे जिवंत राहतात त्यांनाही विचारू या की.

बिनधास्त_बाळू

उफ्फ.

लोहचुंबक

ठीक. 'अंगावर किंवा कुलपात' हा नियम मला चालेल, मी तसाच वागतो. बोटाच्या ठशाने दोन सेकंदांत उघडणारी पेटी आहे, हेलरवाली अडचणही राहत नाही. पण तपासणार कोण? पोलीस माझ्या घरात शिरून कपाट बघणार असतील तर मग चौथ्या दुरुस्तीवर (मनमानी झडतीपासून संरक्षण देणारी) नवा धागा काढावा लागेल.

शुक्रतारा

तपासायचंच नाही. नुकसान झालं की जबाबदारी. मिशिगनमध्ये २०२१ला एका मुलाने शाळेत चार मुलं मारली. घरची बंदूक, आईवडिलांनी त्याच्यासाठीच घेतलेली. २०२४ साली दोघांनाही सदोष मनुष्यवधाबद्दल दहा ते पंधरा वर्षं शिक्षा झाली. मिशिगनने मुलांच्या हाती लागू नये म्हणून बंदूक कुलपात ठेवायचा कायदा केला तो या घटनेनंतर.

त्र्यंबक_ज

नुकसान झाल्यावर जबाबदारी म्हणजे खटला भरायचा की नाही हे सरकारी वकील ठरवणार. पुन्हा माझं टेबल. एका घरातल्या आईवडिलांना 'बिचारे, किती सोसलं' म्हणून सोडतील आणि दुसऱ्या वस्तीतल्यांना आत टाकतील. शिवाय ती ठशाची पेटी सगळ्यांना परवडत नाही.

सदाफुली

पेटी नाही परवडत, साधं केबलचं कुलूप परवडतं. बऱ्याच इस्पितळांतून फुकट देतात, आम्हीही देतो. 'घरात बंदूक आहे का' विचारलं की पूर्वी लोक बिथरायचे. आता 'घरात लहान मूल किंवा सध्या खचलेलं कोणी आहे का' असं आधी विचारते, मग बहुतेक जण स्वतःच कुलूप मागतात. बंदुकीचे कट्टर समर्थकसुद्धा. काही राज्यांत बंदुकीची दुकानंच वाईट काळापुरती बंदूक सांभाळायला ठेवून घेतात, मालकाच्या मर्जीने.

लोहचुंबक

आमच्या क्लबातही ठेवून घेतात. एकाची आत्ता आहे. कोणी कारण विचारलेलं नाही.

त्र्यंबक_ज

याला माझा काही आक्षेप नाही. फक्त त्याची नोंद सरकारकडे जाते का?

लोहचुंबक

आमच्याकडे नाही जात. पण काही राज्यांत अडचण अशी की परत देताना पुन्हा पार्श्वभूमी तपासावी लागते, कारण कायद्याच्या दृष्टीने ते हस्तांतरण. त्या भीतीने लोक ठेवायलाच देत नाहीत. नियंत्रणवाल्यांनी केलेल्या कायद्याने नियंत्रणवाल्यांनाच हवी असलेली गोष्ट अडते.

ठिणगी

मग तात्पुरत्या ठेवीला सूट द्या असं लिहून टाका कायद्यात. त्यासाठी तुमच्या लोकांची मतं मिळतील का?

लोहचुंबक

नोंद होणार नाही हे लिहून मिळालं, तर माझं मत मिळेल. क्लबातल्या बाकीच्यांचं सांगत नाही.